यात जिंकतं कोण?

(बुद्धिबळ, ब्रिज, कॅरम आणि टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या इतर खेळांविषयी वाचकांच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं दिली जातात. लेखिका बुद्धिबळ स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करतात.)

प्रश्न : ताई, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा सात-आठ जणांचा गट शनिवारी संध्याकाळी होस्टेलच्या मेसमध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम होतो. तो जग उभं करतो, प्रसंग मांडतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. आम्हाला क्लब म्हणून नोंदणी हवी होती, म्हणजे खोली आणि थोडा निधी मिळाला असता. जिमखान्यात गेलो तर सर म्हणाले, "यात जिंकतं कोण?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कलामंडळात गेलो तर त्यांनी विचारलं, "प्रेक्षक कुठे बसणार?" बुद्धिबळ आणि कॅरम जिमखान्यात चालतात, ई-स्पोर्ट्सला आशियाई स्पर्धेत पदकं मिळतात. मग आमच्या खेळाला क्रीडाप्रकार का म्हणू नये?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुमच्या सरांचा प्रश्न मला आवडला. या विषयात विचारायला हवा तो प्रश्न हाच आहे. पण आधी एक अडसर दूर करते, कारण बहुतेकांचा वाद तिथेच अडकून पडतो: घाम येत नाही तो कसला क्रीडाप्रकार?

घामाचा निकष खुद्द क्रीडाजगतानेही सरसकट मानलेला नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये बुद्धिबळ आणि ब्रिज या दोन्ही खेळांच्या जागतिक संघटनांना मान्यता दिली. ऑलिंपिकमध्ये समावेश ही वेगळी गोष्ट, तो झालेला नाही. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजच्या पुरुष जोडी प्रकारात प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. आपल्या देशात १९९१-९२चा पहिलावहिला खेलरत्न पुरस्कार विश्वनाथन आनंदला मिळाला. त्याच्या कितीतरी आधी, १९८० साली, आपल्या बुद्धिबळपटू रोहिणी खाडिलकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला होता. त्यामुळे बसून खेळतात म्हणून तो क्रीडाप्रकार नाही, असं कुणी म्हटलं तर ते भारतात तरी टिकत नाही.

युरोपात मात्र उलटा निकाल लागलेला आहे. इंग्लंडच्या ब्रिज संघटनेने स्पर्धांच्या प्रवेशशुल्कावर व्हॅट लागू नये म्हणून दावा केला होता. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठरवलं, की डुप्लिकेट ब्रिजमधला (सगळ्या टेबलांना तेच पत्ते देऊन खेळायच्या प्रकारातला) शारीरिक भाग नगण्य आहे, तेव्हा या करकायद्यापुरता तो क्रीडाप्रकार नव्हे. निकालाचा पुढचा भाग तुझ्या कामाचा आहे. न्यायालयाने एक दार उघडं ठेवलं: खेळण्याची रीत, इतिहास आणि परंपरा यांमुळे एखाद्या गोष्टीला त्या देशाच्या सांस्कृतिक वारशात तेवढं स्थान असेल, तर तिचा सांस्कृतिक सेवा म्हणून विचार होऊ शकतो. जिमखाना की कलामंडळ, हा पेच लक्झेंबर्गच्या न्यायाधीशांसमोरही आला होता.

आता मुख्य मुद्दा. आंतरराष्ट्रीय क्रीडा संघटनांची स्पोर्टअकॉर्ड नावाची शिखर संस्था होती. २०११ पासून काही वर्षं तिने बीजिंगला बौद्धिक खेळांच्या जागतिक स्पर्धा भरवल्या. त्यांत बुद्धिबळ, ब्रिज, गो, ड्राफ्ट्स आणि चिनी बुद्धिबळ हे खेळ असत. म्हणजे बैठ्या खेळांबद्दल तिच्या मनात अढी नव्हती. क्रीडाप्रकार ठरवायला तिने काही अटी घातल्या होत्या. स्पर्धेचा अंश हवा. नशीब मुद्दाम खेळात गुंफलेलं नसावं. खेळाडूच्या प्रकृतीला अवाजवी धोका नसावा. कुठल्याही जिवाला इजा होऊ नये. आणि लागणारं साहित्य एकाच पुरवठादाराकडून घ्यावं लागू नये.

प्रकृती आणि जीव यांबाबत तुमच्या मेसमध्ये काही अडचण नाही. पुरवठादाराची अट मात्र डंजन्स अँड ड्रॅगन्सला बरीच वर्षं जड गेली असती. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी लिहिलेला हा खेळ टीएसआर कंपनीचा होता. १९९७ मध्ये ती विझर्ड्स ऑफ द कोस्टने घेतली आणि १९९९ मध्ये विझर्ड्सला हॅस्ब्रोने घेतलं. जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. तेव्हापासून त्या नियमांवर कुणीही, मराठीतसुद्धा, आपला खेळ बांधू शकतो. ही अट आता सुटण्यासारखी आहे. नशिबाच्या अटीबद्दल कोल्हापूरच्या वाचकांनी स्वतंत्र पत्र लिहिलंय, ते पुढे येईलच. उरली स्पर्धेची अट, म्हणजे तुमच्या सरांचा प्रश्न.

यासाठी १९६९ मध्ये जायला हवं. अमेरिकेतल्या मिनेसोटात युद्धखेळ खेळणारा एक गट होता. टेबलावर सैन्याच्या बाहुल्या मांडायच्या, दोन बाजू, शेवटी एकीचा जय. त्या गटातल्या डेव्हिड वेसली यांनी नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक गावावर एक डाव रचला. या वेळी त्यांनी सेनापतींशिवाय गावातल्या माणसांच्या भूमिकाही खेळाडूंना वाटल्या. झालं असं, की खेळाडू कोपऱ्यांत जाऊन आपापसांत बोलायला लागले, सौदे करू लागले, कट शिजवू लागले, आणि ठरवलेली लढाई बाजूला पडली. वेसलींना वाटलं डाव फसला. खेळाडूंनी मात्र पुन्हा असंच खेळू म्हणून त्यांच्यामागे लकडा लावला. त्या खेळाडूंत डेव्ह आर्नेसन होते. पुढे त्यांनी याच धर्तीवर स्वतःचं जग उभं केलं आणि त्यातून डंजन्स अँड ड्रॅगन्स आला.

मला या हकिकतीत तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. हा खेळ स्पर्धेतूनच निघाला. जय-पराजय असलेल्या युद्धखेळात लोकांना जिंकण्यापेक्षा दुसरंच काही जास्त आवडायला लागलं, तेव्हा तो जन्मला. सरांनी विचारल्यावर तुम्ही गप्प झालात, कारण उत्तर द्यायला तिथे काही नव्हतंच. जिंकणं या खेळात राहून गेलेलं नाही, ते खेळाडूंनी आपणहून मागे सोडलंय. इतर भूमिका-खेळ पाहा. १९८१ पासून चालत आलेल्या कॉल ऑफ क्थुलूमध्ये आपलं पात्र भ्रमिष्ट होणार किंवा मरणार हे बसतानाच सगळ्यांनी धरलेलं असतं. २००९च्या फियास्कोमध्ये डीएमच नसतो, आणि सगळ्यांच्या सगळ्या बेतांचा विचका होण्यातच मजा असते. या टेबलांवर निकालपत्रक कसं लावणार?

तरीही यात स्पर्धा बसवता येत नाही, असं नाही. ती बसवलेली आहे, आणि खुद्द गायगॅक्स यांनीच. १९७५ मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या पहिल्या ओरिजिन्स मेळाव्यात त्यांनी स्पर्धेसाठी एक साहस लिहून नेलं: टूम ऑफ हॉरर्स, सापळ्यांनी भरलेलं एक थडगं. सगळ्या गटांना तेच थडगं, तयार पात्रं, ठरावीक वेळ. कोण किती आत पोचतं आणि किती जण जिवंत राहतात, त्यावर कस लागायचा. पुढे टीएसआरने अशा स्पर्धांची साहसं 'सी' या अक्षराखाली छापली. हा 'सी' स्पर्धेसाठीच्या इंग्रजी शब्दाचा. त्यातल्या पहिल्या, १९८०च्या पुस्तिकेत गुण कसे द्यायचे तेही छापलं होतं. जमिनीखालच्या दालनांमधल्या विषारी वायूमुळे खेळाडूंना रेंगाळता येत नसे, म्हणजे घड्याळ कथेतच बसवलेलं होतं. पंच म्हणून मला ही युक्ती फार आवडते.

अशा फेरीला बौद्धिक क्रीडाप्रकार म्हणायला माझी हरकत नाही. डुप्लिकेट ब्रिजमध्ये प्रत्येक टेबलाला तेच पत्ते देतात, तसंच इथे प्रत्येक टेबलाला तेच थडगं. फक्त एक फरक राहतो, आणि तो मोठा आहे. पत्ते सगळीकडे सारखेच असतात. डीएम प्रत्येक टेबलावर वेगळा माणूस असतो.

हा फरक मी दोन्ही बाजूंनी अनुभवते, म्हणून इथे जरा थांबते. बुद्धिबळाच्या शालेय स्पर्धेत मी हॉलमध्ये फिरत असते. प्लास्टिकचे गुंडाळी पट, डिजिटल घड्याळं, दारापाशी माना उंचावून बघणारे पालक. एखाद्या आठ वर्षांच्या मुलीचा वजीर फुकट जाणार असतो, मला दिसत असतं, आणि माझ्या चेहऱ्यावरची रेषही हलता कामा नये. तिने हत्तीला बोट लावलं तर हत्तीच खेळायचा, कितीही डोळे भरून आले तरी. पंचाचं तेच काम आणि त्याचा मला अभिमान आहे. मी त्या मुलीवर दया दाखवली, तर समोरच्या मुलावर अन्याय होतो.

रविवारी माझ्या ठाण्याच्या घरी मी भाचरं आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींसाठी डीएम असते. आमची कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांतून पुढे जाणारी गोष्ट, एका काल्पनिक जलदुर्गाभोवती चालते. मध्यंतरी किल्ल्याच्या चोरदरवाजावर मी पहारेकऱ्यांशी झटापट ठरवून ठेवली होती. त्यांचे हिट पॉइंट्स (किती मार सोसू शकतात तो आकडा), शस्त्रं, सगळं लिहून तयार. आमच्यात एक मुलगी आहे, जी महिनोन्‌महिने 'मी मागे थांबते' एवढंच बोलायची. त्या दिवशी तिचं पात्र, एक म्हातारी कोळीण, पुढे गेलं आणि म्हाताऱ्या पहारेकऱ्याशी बोलायला लागलं. पाऊस कधी लागणार, त्याचा मुलगा मुंबईहून कधी येणार, सुकट किती महाग झालीय. बाकीची मुलं गप्प बसून ऐकत होती. मी झटापटीचा कागद घडी करून बाजूला ठेवला. फासासुद्धा टाकायला लावला नाही. पहारेकऱ्याने दार उघडलं.

त्या टेबलावर मी केलं ते बरोबर होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. तेच स्पर्धेच्या फेरीत केलं असतं, तर शेजारच्या टेबलावर त्याच पहारेकऱ्यांशी लढून दोन पात्रं गमावलेल्या गटाने माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवली असती, आणि ती मान्य व्हायला हवी होती. पुष्कळ डीएम आपल्यासमोर उभ्या केलेल्या पडद्याआड टाकलेला फासा कथेला सोयीचा असेल तसा वाचतात. घरच्या टेबलावर ती समजूतदार सवय मानली जाते. क्रीडास्पर्धेत त्याला निकाल फिरवणं म्हणतात. डायव्हिंगच्या वा जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेतही गुण माणसंच देतात हे खरं, पण ते परीक्षक उडी चालू असताना तलावाची खोली बदलत नाहीत. डीएम जग आहे, विरोधक आहे, पंच आहे आणि खेळाडूंचा हितचिंतकही आहे. त्याच्यातला पंच तेवढा ठेवून बाकीचं कापलं, तर क्रीडाप्रकार मिळेल. पण त्या कोळणीला बोलायला कुणी उरणार नाही.

हा खेळ चालवणाऱ्यांनाही हे कळत गेलं असावं असं मला वाटतं. १९८० मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या खेळाडू-संघटनेच्या स्पर्धांत थडग्यात किती आत गेलात याबरोबर कोण किती छान भूमिका वठवतो यालाही मतं पडू लागली. २०१४ पासून डंजन्स अँड ड्रॅगन्सचा संघटित खेळ ॲडव्हेंचरर्स लीग या नावाने चालतो. त्यात जगभर एकच नियम, पात्र एका टेबलावरून दुसऱ्यावर नेता येतं, आणि क्रमवारी नाही.

म्हणून माझं उत्तर असं: तुमची शनिवारची बैठक क्रीडाप्रकार नाही. वर्षातून एकदा तुम्ही नीट बांधलेली स्पर्धा घेतलीत, तर ती त्या दिवसापुरती असू शकते.

ई-स्पोर्ट्सचा आधार घेऊ नकोस. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यांना पदकं होती, आणि डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे सोपवले, हेही खरं. पण तिथे दोन संघ समोरासमोर येतात आणि निकाल यंत्र सांगतं. तुमचं साम्य त्यांच्याशी फार थोडं आहे.

तुमचं साम्य आहे ते पुरुषोत्तम करंडकाशी. तू पुण्यातच शिकतोस, म्हणजे भरत नाट्य मंदिराबाहेरचा 'अरे आवाज कुणाचा' तू ऐकला असशीलच. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. तिच्यात फेऱ्या आहेत, परीक्षक आहेत, करंडक आहे, आणि हरल्यावर रात्रभर रडणारी मुलं आहेत. चुरस कुठल्याही कबड्डीच्या सामन्याएवढी. तरी करंडकाचा संघ जिमखान्यात नाव नोंदवायला जात नाही, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ऑलिंपिकमध्येसुद्धा १९१२ ते १९४८ या काळात साहित्य, संगीत, चित्रकला, शिल्प आणि वास्तुकला यांना पदकं दिली जात. १९१२चं साहित्याचं सुवर्ण आधुनिक ऑलिंपिकचे जनक खुद्द पिएर द कुबेर्तँ यांनी टोपणनावाने कविता पाठवून मिळवलं. पुढे त्या स्पर्धा बंद झाल्या. कलावंत व्यावसायिक असतात आणि ऑलिंपिक हौशींसाठी, हे त्या काळचं कारण होतं. कला आणि क्रीडा एका छताखाली ठेवून पाहिल्यावर त्यांनी आपापली घरं केली, आणि मला वाटतं दोघींचं बरं झालं.

तेव्हा अर्ज कलामंडळाकडे कर. प्रेक्षक कुठे बसणार, या प्रश्नाला सरळ उत्तर दे: टेबलाभोवती. आमच्याकडे त्या कोळणीचं बोलणं ऐकणारी पाच मुलं प्रेक्षकच होती, आणि पुढच्याच क्षणी त्यांची पाळी आल्यावर नट झाली. अर्जात आयत्या वेळचं कथाकथन, पात्ररचना, उत्स्फूर्त अभिनय असे मोठे शब्द भरण्यापेक्षा कलामंडळाच्या दोघांना एका शनिवारी वन-शॉटला बसवा. दोन-तीन तासांत संपणारी गोष्ट, तयार पात्रं. त्यानंतर समजावून सांगायला फारसं काही उरणार नाही.

आणि जिमखान्याचं दारही बंद करू नका. सरांना सांग की वार्षिक महोत्सवात तुम्ही एक स्पर्धा घ्याल, आणि नियम आधी त्यांना दाखवाल. पंच म्हणून माझा सल्ला असा. सगळ्या टेबलांना तेच साहस, तीच पात्रं, तेच तीन तास. डीएमसाठी साहस बंद पाकिटात, आणि ते आदल्या दिवशी सगळ्या डीएमनी एकत्र बसून वाचायचं, म्हणजे 'पहारेकऱ्याशी बोललं तर काय' याचं उत्तर सगळीकडे एकच राहील. पडदा नको, फासे उघड्यावर, सगळ्यांना दिसतील असे टाकायचे. गुण केवळ घडलेल्या गोष्टींना: तिजोरी उघडली, कैदी सुटला, पात्र जगलं. अभिनयाला गुण देऊ नका. तो मोह होईल, पण त्यातून वादच होतील. दोन फेऱ्या घेता आल्या, तर दुसऱ्या फेरीत डीएम टेबलं बदलतील. आणि डीएम नसलेला एक त्रयस्थ माणूस तक्रारींसाठी ठेवा. तिथे सर स्वतः बसले तर उत्तमच. एका दिवसाने त्यांना तुमचा खेळ कळेल, आणि तुम्हाला शिस्त.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि अनेक वर्षं ब्रिज खेळतो. नातू हा भूमिकांचा खेळ खेळताना पाहिला. महत्त्वाच्या प्रत्येक क्षणी फासा! आम्ही डुप्लिकेट पद्धतीने पत्त्यांचं नशीब बाजूला काढलं, आणि हे लोक नशीब मध्यभागी ठेवतात. याला बुद्धीचा खेळ कसं म्हणायचं? जुगाराशी नातं तर नाही ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जुगाराची काळजी नको. जुगाराला पणाला लावलेला पैसा लागतो, इथे पणाला लागतं ते कागदावरचं पात्र.

नशिबाबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. स्पोर्टअकॉर्डची नशिबाबाबतची अट हा खेळ पुरी करत नाही, कारण फासा त्यात मुद्दाम घातलेला आहे. पण फासा आहे म्हणून बुद्धी नाही, हे मान्य करायला मी तयार नाही. नातवाच्या टेबलावर एकदा असं बघा. समजा भिंत चढायला १५ किंवा त्याहून जास्त पडायला हवं. वीस बाजूंच्या फाशावर ही शक्यता ३० टक्के. आता नातवाने आधी दोर शोधला, मित्राला वरून धरायला लावलं, आणि डीएमने त्याला दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा दिली. शक्यता ५१ टक्क्यांवर जाते. १४ किंवा त्याखाली पडायची शक्यता ७० टक्के, ती दोनदा लागोपाठ म्हणजे ४९ टक्के, उरले ५१. तुम्ही फिनेस मारण्याआधी (मोठं पान अमुक प्रतिस्पर्ध्याकडे असेल या अंदाजावर खेळण्याआधी) बाहेरची पानं मोजता आणि शक्यता बघून ठरवता, तेच काम तो करतोय. चांगला खेळाडू फासा टाकायच्या आधी खेळून मोकळा झालेला असतो. अगदी चांगला खेळाडू फासा टाकायची वेळच येऊ देत नाही.

फरक पडतो तो संख्येत. तुमच्या एका सत्रात वीस-पंचवीस बोर्ड, म्हणजे डाव, होतात, आणि एखाद्या बोर्डवरचं दुर्दैव बाकीच्यांत मिसळून जातं. भूमिका-खेळाच्या फेरीत निर्णायक फासे तीन-चारच असतात, आणि वीस बाजूंचा फासा सगळ्या आकड्यांना सारखंच वागवतो: प्रत्येकाला ५ टक्के. १९८६च्या गर्प्स या पद्धतीत त्याऐवजी सहा बाजूंचे तीन फासे एकत्र टाकतात. तिथे बेरीज ९ ते १२ मध्ये येण्याची शक्यता सुमारे ४८ टक्के, आणि १८ पडणं २१६ वेळांत एकदा. टोकाचे निकाल विरळ होतात आणि पात्राचं कौशल्य जास्त दिसतं. स्पर्धाच घ्यायची असेल, तर मी ती पद्धत निवडेन. घरी मात्र मला वीस बाजूंचाच हवा. विसाचा आकडा पडल्यावर सगळं टेबल ओरडत उठतं, ते तीन फाशांवर होत नाही.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. तो हा खेळ खेळतो आणि म्हणतो की हा 'माइंड स्पोर्ट' आहे. दहावीला खेळाडूंना मिळतात ते वाढीव गुण यासाठी मिळू शकतील का? पुस्तकं, फासे यांवर बराच खर्च मागतोय. आणि सगळं इंग्रजीत असतं, तेही मला खटकतं.
— एक आई, नाशिक

उत्तर : वाढीव गुण मिळणार नाहीत. ते शासनाने मान्य केलेल्या खेळांच्या अधिकृत स्पर्धांमधल्या कामगिरीवर मिळतात, आणि हा खेळ त्या यादीत नाही. त्याला पटावरचंच काही आवडत असेल आणि गुणांचाही विचार करायचा असेल, तर बुद्धिबळ शालेय क्रीडास्पर्धांत आहे. पण गुणांसाठी म्हणून त्याला हा खेळ सोडायला लावू नका.

खर्च आवरता येतो. मूळ नियम इंटरनेटवर फुकट आणि अधिकृतपणे मिळतात. सुरुवातीला सात फाशांचा एक संच आणि पेन्सिली पुरतात. जाडजूड पुस्तकं फक्त डीएमला लागतात, तीही गटाने वर्गणी काढून घ्यावीत. मूर्ती, नकाशे यांच्या जागी बटणं आणि चौकटींची वही चालते, आम्ही अजूनही तेच वापरतो.

भाषेचं म्हणाल, तर नियम इंग्रजीत वाचून खेळ मराठीत खेळता येतो. आमच्या टेबलावर 'हिट पॉइंट्स' आणि 'इनिशिएटिव्ह' (लढाईत कुणाची पाळी आधी ते) तसेच राहतात, बाकी सगळं बोलणं मराठीत. मुलगा डीएम होत असेल तर त्याला सांगा, की गावातली माणसं, बाजार, देवळं, भांडणं आपल्या ओळखीची घे. नाशिकच्या मुलाला गोदाकाठ आणि अंजनेरीचा डोंगर असताना परदेशी जंगल उसनं आणायची गरज नाही.

दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्या. खेळ ऑनलाइन असेल, तर डीएम कोण आहे आणि टेबलावर कुणी अनोळखी प्रौढ आहे का, हे विचारा. आणि संपायची वेळ सुरू होण्याआधी ठरवून घ्या, कारण 'एवढी लढाई संपू दे' म्हणता म्हणता मध्यरात्र होते. दहावीच्या वर्षी कॅम्पेन बंद करायची गरज नाही, महिन्यातून एक बैठक ठेवली तरी ती चालू राहते.